एक्केचाळीस नंबरच्या रात्री

पणजी भट्टीवाली, आजी पिळणारी, आई इस्तरीवाली; आणि या तिघींच्या पाठीमागून त्याच दारातून आत गेली ती थोरली. मोठ्या रुग्णालयाच्या धुलाईखान्यात या घराच्या बायकांनी शंभरावर वर्षे चाकरी केली, आणि चौघींच्या गळ्यात एकामागून एक तोच पत्र्याचा बिल्ला पडला. त्यावर एक्केचाळीस हा आकडा ठोकलेला होता.

धुलाईखान्याचा कायदा साधा होता. एक ते चाळीस नंबर दिवसाचे, एक्केचाळीसपासून पुढचे रात्रीचे. नंबर आईकडून मुलीकडे जाई. म्हणून रात्रही आईकडून मुलीकडे जाई.

भट्टीवालीने तांब्याच्या हंड्यांखाली जाळ घातला आणि बावन्नाव्या वर्षी त्याच जाळासमोर ती उभीच्या उभी कोसळली. पिळणारीने ओल्या चादरी पिळल्या. पन्नाशीनंतर तिच्या डोळ्याला डोळा लागेनासा झाला, आणि तीन वर्षे टक्क जागी राहून ती गेली. इस्तरीवालीला साठीच्या आत माणसे ओळखू येईनात. पण रात्रीचे दहा वाजायला आले की ती पायांत चपला अडकवून दाराशी येऊन उभी राही, आणि कोणी आत ओढू लागले तर म्हणे, "सोडा, भोंगा होईल." रक्तच तसे आहे, असे घरात म्हणत. थोरलीही तसेच म्हणत असे, कारण तसे म्हणण्यात तिची एक सोय होती.

बहात्तराव्या वर्षी थोरली ताठ चालत होती. सुई ओवायला तिला चष्मा लागत नव्हता. रात्री नऊला पाठ टेकली की पहाटे पाचला डोळा उघडे, मधे काही नाही. धुलाईखान्यात तिला घड्याळबाई म्हणत. तिने नाकावर माशी बसू दिली नव्हती. बाहेरच्या खोलीत, दारातून आत येणाऱ्याची नजर पहिल्यांदा जिथे पडावी तिथे, तिचे सन्मानपत्र काचेत लावलेले होते. त्यात लिहिले होते की एक्केचाळीस नंबरने नऊ वर्षे रात्रपाळी विनाखंड केली, आणि वाफेच्या रुळावर हात भाजला असतानाही दुसऱ्या रात्री ती कामावर हजर झाली. त्या पत्राच्या जोरावर ती मुकादमीण झाली, आणि तिथून पुढे तिचे दिवस उजेडात गेले.

चाळीस वर्षे तिने मनगटापर्यंत बाह्या घातल्या. कडक उन्हाळ्यातही. लोक म्हणत, डाग दिसू नये म्हणून. तिने त्यांना तसे म्हणू दिले.

नात विद्यापीठात शिकत होती आणि एका प्राध्यापकांच्या पाहणीत काम करीत होती. माणूस ऐन उमेदीत कोणत्या वेळी राबला आणि त्याचे म्हातारपण कसे गेले, यांचा मेळ घालायचा, अशी ती पाहणी. रुग्णालयाने आपल्या धुलाईखान्याचे जुने हजेरीपट तिच्यासाठी खुले केले होते. नातीने एकेका बाईची एकेक कागदी पट्टी केली होती. बाविसाव्या वर्षापासून पन्नासाव्यापर्यंत एका वर्षाला एक चौकोन. दिवसपाळीला चौकोन पांढरा, रात्रपाळीला काळा. खाली एक रेघ, आणि त्या रेघेवर पन्नाशीनंतरच्या दुखण्यांचे लाल ठिपके.

एका रविवारी सकाळी तिने त्या पट्ट्या जेवणाच्या टेबलावर मांडल्या. टेबल पुरेना, तेव्हा जमिनीवर मांडल्या. थोरली खुर्चीत बसून पाहत होती.

"दोनशे ऐंशी बायका झाल्या, आजी," नात म्हणाली. "काळे चौकोन पाचाच्या वर गेले की पन्नाशीनंतर ठिपके लागलेच म्हणून समज. साखर, झोप, हृदय, आठवण. क्रमसुद्धा बहुतेक तोच."

"म्हणजे भविष्यच सांगतेस की. पोपट कुठाय तुझा?"

"हसू नकोस. या बघ, ही तुझी पणजी, ही तुझी आजी. तुझी आई बघ, चोवीस काळे." नातीचे बोट फिरत फिरत थांबले. "सगळ्यांत दोनच पट्ट्या वाकड्या निघाल्या. आणि दोन्ही आपल्याच घरात."

तिने दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या. एकीवर नऊ काळे चौकोन आणि खाली एकही ठिपका नाही, ती थोरलीची. दुसरी टोकापासून टोकापर्यंत पांढरीशुभ्र, आणि खालची रेघ गोवर आल्यासारखी लाल.

ती धाकटीची होती. धाकटी म्हणजे थोरलीच्या दिराची बायको, तिची जाऊ, तीन वर्षांनी लहान. दीर गेल्यापासून दोघी एकाच घरात राहत. धाकटीचा नंबर सात, दिवसाचा. ती आतल्या खोलीत पलंगावर पडून होती, कारण दिवस उजाडला की तिला गुंगी येई आणि दिवस मावळला की ती जागी होई. हृदय थकले होते, साखर वाढली होती, आणि गेल्या वर्षापासून आठवणीही एकेक करून निघून चालल्या होत्या. मागच्या आठवड्यात ती पहाटे अनवाणी सापडली, धुलाईखान्याच्या बंद फाटकाशी. फाटकाच्या गजाला दोन्ही हातांनी धरून उभी.

"तू एकटी कशी सुटलीस, आजी?" नातीने विचारले. प्रश्न सहज होता.

"कामाला लाजले नाही म्हणून," ती म्हणाली. "आवर ते कागद. पाय पडेल."

रुग्णालयाने पाहणीच्या निमित्ताने एक चांगली गोष्ट ठरवली होती. पाच वर्षांहून अधिक रात्री केलेल्या बायकांसाठी विश्रांती कक्ष उघडायचा. तिथे खाट मिळणार होती, औषध मिळणार होते, दाराशी माणूस राहणार होता आणि झोपेच्या विकारांचे डॉक्टर येणार होते. धाकटीला जे जे हवे होते ते सगळे. नातीने तिचा अर्ज केला होता. अर्जावर एका ओळीत उत्तर आले: नंबर सात, रात्रपाळी शून्य, अपात्र.

"आणि तुला खाट मंजूर झालीय," नात कडवट हसली. "धडधाकट बाईला! मी विचारलं, आजीची खाट धाकट्या आजीला द्या. म्हणाले, खाट बाईची नाही, नंबराची आहे."

"डॉक्टर काय म्हणाले धाकटीचं?"

"घरी ठेवलं तर हिवाळा काढणार नाहीत. पुन्हा बाहेर पडतील आणि या वेळी सापडणार नाहीत."

थोरलीने बाह्या मनगटावर खाली ओढल्या.

संध्याकाळी दिवे लागले तशी धाकटी पलंगावर उठून बसली. डोळ्यांत एकदम धार आलेली. नात तिचे अंग पुसत होती आणि थोरली दाराशी टॉवेल धरून उभी होती.

"कोण गं तू?" धाकटीने विचारले.

"मी नात तुमची. पट्ट्या करणारी."

"अगं बाई, पट्टीवाली! मग एक माझ्या तोंडाला पण लाव, ही थोरली मला बोलू देत नाही." ती खुदकन हसली. मग तिचा चेहरा गंभीर झाला, मान ताठ झाली आणि ती समोरच्या भिंतीकडे पाहून खणखणीत म्हणाली, "एक्केचाळीस हजर!"

नातीचा हात थांबला. "रोज हेच म्हणतात. डॉक्टरांपुढेही म्हणाल्या. आजी, हा तर तुझा नंबर. त्या का म्हणतात?"

"भ्रम झालाय तिला. जन्मभर माझ्याबरोबर वावरली, माझं तेच तिच्या तोंडी बसलं."

"आणि हा हातावरचा डाग?" नातीने धाकटीचा डावा हात उचलून धरला. कोपरापासून मनगटापर्यंत गुळगुळीत, चकाकणारी, रंग उडालेली एक पट्टी होती.

"कढईतलं तेल उडालं होतं."

"तेल उडालं तर शिंतोडे पडतात," नात हळूच म्हणाली. "हा तर आखून काढल्यासारखा सरळ आहे."

धाकटी एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहत होती. "तेलच ते," ती आज्ञाधारकपणे म्हणाली. "थोरल्या बाई म्हणतात म्हणजे तेलच."

आठवण विझत आलेल्या त्या डोक्यात बाकी सारे अंधारून गेले होते, पण थोरलीची लाज झाकायची आहे एवढे मात्र लख्ख उरले होते.

खरे काय घडले होते ते थोरलीच्या समजुतीप्रमाणे जगात दोघींनाच ठाऊक होते, आणि त्यांतली एक ते विसरत चालली होती.

थोरलीचा मुलगा, म्हणजे नातीचा बाप, वर्षाचा असताना त्याला झटके येऊ लागले. ते रात्रीच येत, आणि आईच्या अंगाला बिलगल्याखेरीज पोर शांत होत नसे. थोरलीचा नंबर रात्रीचा. रजा मागितली तर नंबर जाणार आणि तीन पिढ्यांचा बिल्ला परक्या बाईच्या गळ्यात पडणार. ती चुलीशी बसून रडत असताना धाकटी तिच्यासमोर येऊन उभी राहिली. तेव्हा बावीस वर्षांची, मूलबाळ नाही, घोड्यासारखी तब्येत.

"बिल्ला काढा," ती म्हणाली. "माझा सात घ्या, तुमचा मला द्या. तोंडाला फडकं बांधलं आणि वाफेत उभ्या राहिलो की आपण सगळ्या सारख्याच. कारकून बिल्ले मोजतो, तोंडं नाही."

"आणि पकडलं तर?"

"तर दोघी घरी बसू. भांडायला वेळ तरी मिळेल."

थोरलीने तिचे दोन्ही हात धरले. "धाकटे, तुझी एकेक रात्र मी परत करीन."

"लिहून ठेवते," धाकटी हसली. "सावकाश करा. म्हातारपणी झोप येत नाही म्हणतात, तेव्हा करा."

इथवर कोणी थोरलीला दोष देणार नाही, आणि ही गोष्ट सांगणारीही देत नाही. पण दोन वर्षांत मुलाचे झटके थांबले. तिसऱ्या वर्षी तो रात्रभर गाढ झोपू लागला. त्या सकाळी थोरलीने बिल्ला परत मागायला हवा होता. तिने मागितला नाही. धाकटीने विचारले नाही. दोघी रोज सकाळी सहाच्या भोंग्याला फाटकाशी भेटत, एक आत जाई, एक बाहेर येई, आणि बाहेर येणारीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळे आत जाणारी पाहून न पाहिल्यासारखी करी. अशी एकूण सहा वर्षे आणि वर चार महिने गेले. शेवटच्या वर्षी पहाटे सव्वातीनला वाफेच्या रुळाने धाकटीचा हात ओढला. दुसऱ्या रात्री ती हात बांधून कामावर गेली, कारण एक्केचाळीसची हजेरी मोडली असती तर चौकशी झाली असती. रुग्णालयाने त्या हजेरीचा सन्मान केला. सन्मान घ्यायला थोरली गेली, आणि त्या दिवशी तिने पहिल्यांदा लांब बाह्या शिवून घेतल्या.

म्हणजे रक्ताने तिला सोडले नव्हते. रक्ताला तिच्यापर्यंत पोचायला वाटच मिळाली नव्हती; वाटेत धाकटी आडवी उभी होती.

पुढच्या आठवड्यात नात घरी आली ती तांबारलेल्या डोळ्यांनी. तिच्या पिशवीत प्राध्यापकांच्या अहवालाचा मसुदा होता. तिने तो चहा पिता पिता वाचून दाखवला. एक्केचाळीस आणि सात या दोन पट्ट्यांवरून असे दिसते की रात्रपाळीपेक्षा प्रकृतीचा कणखरपणा महत्त्वाचा असावा, असे एक वाक्य त्यात होते.

"अधीक्षकांना हे वाक्य फार आवडलं," नात म्हणाली. धुलाईखान्याचे अधीक्षक म्हणजे तिथला सगळ्यांत वरचा माणूस. "समारंभात वाचून दाखवणार आहेत. नव्या पोरी रात्रपाळीची कुरकुर करतात ना, त्यांना तुझं उदाहरण देणार."

"तू झोपली नाहीस का?" थोरलीने विचारले.

"महिना झाला, रात्रीच काम करते. दिवसा हजेरीपट मिळत नाहीत." नातीने पिशवीतून एक नवी पट्टी काढली, तिच्यावर तिसऱ्या चौकोनाचा एक कोपरा काळा होता. "ही माझी. गंमत म्हणून केली. मला काय धाड भरलीय? मी तुझ्या रक्ताची. तू नऊ वर्षं रात्री काढून ठणठणीत आहेस."

थोरलीने कप खाली ठेवला. चौघींमागून पाचवी त्याच दाराशी येऊन उभी होती, आणि या वेळी दार उघडून देणारी ती स्वतः होती.

"समारंभ कधी?" तिने विचारले.

"गुरुवारी. तू पहिल्या रांगेत."

"धाकटीलाही न्यायचं."

"त्यांना? सकाळी अकराला तर त्या गुंगीत असतात."

"मी सांगते ते कर. आणि धुलाईखान्याची जुनी अपघाताची वही बरोबर घे," थोरली म्हणाली. या आवाजापुढे घरात कोणी कधी बोलले नव्हते.

समारंभ जुन्या हजेरीच्या खोलीत होता. भिंतीवर अजून बिल्ल्यांचा फळा होता, रांगेने खिळे ठोकलेला, डावीकडे दिवसाचे आणि उजवीकडे रात्रीचे. टेबलाशी अधीक्षक, प्राध्यापक आणि मानाने बोलावलेला जुना हजेरी कारकून बसला होता, नव्वदीचा, कानाला यंत्र लावलेला. समोर पंधरा-वीस म्हाताऱ्या. त्यांतल्या कित्येकींना हात धरून बसवावे लागले होते. धाकटी चाकाच्या खुर्चीत मान टाकून झोपली होती.

अधीक्षकांनी ते वाक्य वाचले. मग पहिले खाटपत्र हातात घेऊन ते म्हणाले, "एक्केचाळीस नंबर!"

थोरली उठली, टेबलाशी गेली, पण तिने पत्राला हात लावला नाही.

"माझ्याबद्दल तुम्ही जे वाचलंत ते खोटं आहे," ती म्हणाली. "सहा वर्षं चार महिने एक्केचाळीसच्या रात्री मी केल्या नाहीत. माझ्या जावेने केल्या. आम्ही बिल्ले बदलले होते."

अधीक्षक हसण्याचा प्रयत्न करीत म्हणाले, "बाई, घरच्या माणसासाठी जीव तुटतो, मी समजू शकतो. पण खाट मिळावी म्हणून उद्या प्रत्येकजण असं..."

"अपघाताची वही आणली आहेस ना?" थोरलीने नातीला विचारले. "वाच."

नातीने खुणेचे पान उघडले. "एक्केचाळीस. डावा हात, कोपरापासून मनगटापर्यंत, लांबी नऊ इंच. वाफेचा रूळ. पहाटे सव्वातीन."

थोरलीने डाव्या मनगटाचे बटण काढले आणि बाही कोपराच्या वर सरकवली. चाळीस वर्षे ऊन न लागलेला तो हात लहान मुलाच्या हातासारखा गोरा होता आणि त्यावर एक ओरखडासुद्धा नव्हता.

"जुने डाग जातात," अधीक्षक म्हणाले.

"डाग होता म्हणून मी हात झाकला नाही, साहेब. नव्हता म्हणून झाकला." ती धाकटीच्या खुर्चीशी गेली आणि तिने तिची बाही वर केली. "मोजा."

प्राध्यापकांनी टेबलावरची मोजपट्टी उचलली आणि स्वतः खाली बसून मोजले. नऊ इंच.

पट्टीच्या थंड कडेने धाकटी जागी झाली. तिने डोळे उघडले, समोर बिल्ल्यांचा फळा दिसला, आणि ती खुर्चीत सरळ झाली. "एक्केचाळीस हजर!"

म्हाताऱ्या कारकुनाच्या उजव्या हाताने सवयीने टेबलावर एक बरोबरची खूण ओढली. मग तो थोरलीकडे पाहून म्हणाला, "मी बिल्लेच मोजतो, असं तुम्हा बायकांना वाटायचं. तुम्ही बिल्ला डाव्या हाताने सरकवायचात, ही उजव्या. मला पहिल्या आठवड्यात कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"आकडा जुळत होता," तो म्हणाला, आणि त्याने मान खाली घातली.

मागच्या रांगेत कुजबुज उठली. एक जुनी सोबतीण मुद्दाम ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली, "घड्याळबाईच्या घड्याळाला चावी दुसरीच देत होती म्हणा की!" कोणीतरी हसले. थोरलीने ते हसू उभे राहून ऐकले, बसली नाही.

ते वाक्य अहवालातून गेले. दोन पट्ट्यांतले काळे चौकोन इकडचे तिकडे झाले, आणि तसे होताच दोनशे ऐंशींत एकही पट्टी वाकडी उरली नाही. नातीने ते पाहिले तेव्हा तिला आनंद व्हायला हवा होता; त्याऐवजी तिने आपली पट्टी फाडली आणि दिवसा काम करू लागली. धाकटीला खाट मिळाली. भिंतीवरचे सन्मानपत्र थोरलीने स्वतः उतरवले, आणि तिथे भिंतीवर एक उजळ चौकोन राहिला.

पण विश्रांती कक्षातही दहा वाजत आले की धाकटी उठून बसे आणि चपला शोधू लागे. औषधे हरली. तेव्हा थोरली डॉक्टरांना म्हणाली, "मला तिच्याजवळ बसू द्या."

पहिल्या रात्री धाकटी उठली तशी थोरलीने तिच्यापुढे तळहात पसरला. "बिल्ला दे, धाकटे. आज माझी पाळी."

धाकटीने संशयाने पाहिले. "पोरगं?"

"झोपलंय. बरं आहे आता त्याला."

"खरंच?"

"केव्हापासूनच बरं आहे. मीच सांगितलं नव्हतं."

धाकटीने गळ्यातून काहीतरी काढल्यासारखे केले आणि रिकामी मूठ तिच्या तळहातावर उघडली. मग ती आडवी झाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली, सकाळच्या भोंग्यापर्यंत. पण अट होती. मधेच कधी डोळा उघडला तर शेजारी थोरली जागी दिसायला हवी. एकदा थोरलीला डुलकी लागली. धाकटी दरवाज्यापर्यंत पोचली होती.

थोरलीने हजेरीपटावरून आकडा काढून घेतला. एक हजार नऊशे बहात्तर रात्री. "आठवड्याची सुटी धरू नकोस," तिने नातीला बजावले. "एवढा वेळ नाही माझ्याकडे."

"आजी, हे करू नकोस. तुला ठाऊक आहे पट्टी काय म्हणते ते."

"तूच वाचायला शिकवलीस की."

नातीने थोरलीच्या पट्टीला पुढे कागद जोडला. बहात्तर, काळा. त्र्याहत्तर, काळा. त्र्याहत्तरीत साखर निघाली. चौऱ्याहत्तरीत पायांवर सूज आली, आणि दिवसा अंथरुणावर पडली तरी तिच्या डोळ्याला डोळा लागेना. पंच्याहत्तरीत छातीत कळ आली. डॉक्टरांनी हात जोडले, तिने मान हलवली आणि रात्री दहाला ती खुर्चीत होती. लाल ठिपके पट्टीने सांगितलेल्या क्रमाने येत होते, ओळखीच्या पाहुण्यांसारखे, एकामागून एक. पिळणारीचा आला, भट्टीवालीचा आला. इस्तरीवालीच्या ठिपक्याची थोरली वाट पाहत होती. सत्त्याहत्तरी लागली तेव्हा ती कधी कधी कक्षात येऊन विचारी, "दोघींतली आज कोण झोपणार?" आणि परिचारिकेला तो विनोद वाटे. नातीला वाटत नसे.

धाकटी मात्र सुधारली नाही तरी तगली. डॉक्टरांनी एक हिवाळाही निघणार नाही म्हटले होते, तिने पाच काढले. ती झोपत होती ना.

शेवटच्या रात्रीची सकाळ झाली तेव्हा नात मुद्दाम आली होती. खिडकीतून धुलाईखान्याचे धुराडे दिसत होते. सहाचा भोंगा झाला. धाकटीने डोळे उघडले आणि नेहमीप्रमाणे शेजारी पाहिले. थोरली खुर्चीत ताठ बसलेली, आखूड बाह्यांतले दोन्ही हात मांडीवर.

"संपली पाळी?" धाकटीने विचारले.

"संपली."

"किती झाल्या?"

थोरलीने तोंड उघडले, पण आकडा येईना. पाच वर्षे रोज मोजलेला तो आकडा कुठेतरी घरंगळून गेला होता. ती नातीकडे पाहू लागली, आणि क्षणभर त्या नजरेत, ही मुलगी कोण, असा प्रश्न होता. नातीने पट्टीवरचा शेवटचा चौकोन भरला.

"एक हजार नऊशे बहात्तर," ती म्हणाली. "सगळ्या, आजी."

"मी लिहून ठेवलं होतं," धाकटी म्हणाली आणि हसली, बावीस वर्षांच्या बाईचे हसू. "जुळलं."

थोरलीने उशाखालचा खराखुरा पत्र्याचा बिल्ला काढला. समारंभाच्या दिवशी अधीक्षकांनी तो फळ्यावरून काढून दिला होता. दोन्ही हातांनी तिने तो धाकटीच्या गळ्यात घातला, गाठ नीट मारली आणि दोनदा ओढून पाहिली. एकही रात्र उरली नव्हती.